कोरड्या पांझरेवरचा बार

माझं माहेर पांझरेच्या एका काठावर आणि सासर दुसऱ्या काठावर. माहेर धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. सासर जळगाव जिल्ह्यात, अमळनेर तालुक्यात. मध्ये नदी. लग्न जमलं तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी जिल्ह्याबाहेर दिली. मला ते फार भारी वाटलं होतं. मी चार दिवस मान वर करून हिंडले. प्रत्यक्षात सासरच्या ओट्यावर उभं राहिलं की माहेरच्या निंबाचा शेंडा दिसायचा, आणि आईनं चुलीत ओलं लाकूड घातलं की धुरावरून मला इकडे कळायचं.

आखाजी, म्हणजे पंचांगातली अक्षय तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात, पाय पसरून बसतात. चैत्रात बसवलेली गौराई आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन पाण्यात सोडतात. आणि त्याच दुपारी व्हायचा बार. शहरातल्या माणसांना बार म्हटलं की निराळंच काही आठवतं, म्हणून सांगते. एका काठावर एका गावच्या लेकी उभ्या राहायच्या, समोरच्या काठावर दुसऱ्या गावच्या, आणि दोघींकडून शिव्यांचा मारा. भांडण नाही, वैर नाही. समोरच्या गावाला, त्यांच्या बैलांना, त्यांच्या जावयांना, त्यांच्या भाकरीला, जे सुचेल ते. नियम एकच होता, पाणी ओलांडायचं नाही. मध्ये पाणी आहे म्हणून वाटेल ते बोलता यायचं. बोलून बोलून घसा बसला की दोन्हीकडच्या बायका आपापली गौराई धारेला सोडायच्या. गौराई वाहत गेली की बार संपला. शिव्याही तिच्याबरोबर तापीला गेल्या असं समजायचं आणि घरी येऊन रस खायचा.

आता माझी गंमत बघा. आखाजीला मी माहेरी, म्हणजे मी उभी माहेरच्या काठावर. शिव्या कुणाला, तर सासरच्या गावाला, जिथे दोन दिवसांनी मला परत जाऊन भांडी घासायची आहेत. आणि समोर कोण? माझी नणंद. ती शिरपूरला दिलेली, पण आखाजीला तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी आलेली. मी तिला अक्का म्हणते. वर्षभर जिच्या पाया पडायचं तिला त्या दिवशी तोंडावर काहीही म्हणायची मुभा. अशी सोय आणखी कुठल्या गावात असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतःला त्या काळी फार मोठी समजत असे. समजत असे म्हणजे काय, काठावरच्या एका उंच दगडावर माझी जागा ठरलेली होती आणि दुसरी कुणी तिथे चढली तर मी तिला ढकलून देई. केसांना इतकं तेल की उन्हात ते कपाळावरून ओघळायचं. नवी साडी खोचलेली, पदर कमरेला, एक हात वर. लग्नाआधी मी शेळीसमोर उभी राहून शिव्यांचा सराव करत असे. शेळी बिचारी पाला खात ऐकायची. मला वाटायचं, मी तोंड उघडलं की पांझरासुद्धा क्षणभर थबकते.

माझी एक शिवी तर मी वर्षभर घासून ठेवली होती. धुणं धुताना सुचली होती. सासरच्या गावाला उद्देशून, आमच्या अहिराणीत: “तुमना गावनं पिठलं इतलं पातळ, नदीमा टाकं ते पूर येई.” तुमच्या गावचं पिठलं इतकं पातळ की नदीत ओतलं तर पूर येईल. ही शिवी मी दगडावरून फेकली तेव्हा समोरच्या काठावर अक्का पोट धरून वाकली. बाकीच्या बायकाही वाकल्या. मी समजले, मैदान मारलं. पुढे प्रत्येक आखाजीला ती शिवी मी शेवटी द्यायची आणि प्रत्येक वेळी अक्का वाकायची. दोन दिवसांनी सासरी परतले की सासू चुलीपुढून मान न वळवता विचारायची, “काय बोलनी व तू आम्हना गावले?” मी म्हणायची, “काही नही, आत्याबाई.” आणि गुपचूप पिठलं करायला बसायची. पातळच व्हायचं ते.

तेव्हाची नदी कशी होती हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वैशाखात पांझरा काही दुथडी वाहायची नाही. बारीक व्हायची. पण असायची. गावाखाली जुना दगडी सांडवा होता, त्यावरून पाणी पडायचं आणि त्याचा आवाज दोन्ही गावांत दिवसभर ऐकू यायचा. नव्या सुनेला पहिले काही दिवस त्या आवाजानं झोप लागत नसे, नंतर तो ऐकूच येईनासा व्हायचा. प्यायचं पाणी हवं असेल तर पात्रातली वाळू हातानं उकरायची, खळग्यात झिरपून पाणी यायचं. तो झिरा. पहिलं गढूळ पाणी वाटीनं काढून टाकलं की मग काचेसारखं. वाळूतच भोई लोकांच्या डांगरवाड्या असायच्या. आखाजीला पितरांच्या घागरीवर डांगर ठेवतात, म्हणजे तुमचं खरबूज, ते याच वाळूतलं. अजून वाळूचा कण लागलेला असायचा सालीला.

नदी एका दिवसात गेली असती तर आम्ही ऊर बडवला असता. पण ती इतक्या हळू गेली की दर वेळी आम्हाला एखादं कारण सापडत राहिलं. यंदा पाऊस लवकर उघडला. वर धरण झालं. बोअर फार झाले. वाळू उपसून नेली. सगळी कारणं खरीच होती, त्यामुळे बोलायला बरं पडायचं. झिरा आधी कोपरभर खोल गेला. मग कुदळ लागायला लागली. मग झिऱ्यात उतरलेल्या बाईचं फक्त डोकं दिसायला लागलं, आणि मग कुणी झिरा काढेनासंच झालं. भोयांनी एक वर्ष वेल लावले, ते जळले, दुसऱ्या वर्षी ते आले नाहीत. आम्ही धुळ्याच्या बाजारातून डांगर आणलं आणि घागरीवर ठेवलं. पितरांनी काही तक्रार केली नाही.

सांडव्याचा आवाज कधी थांबला हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. मी पुष्कळांना विचारलं. ज्या आवाजाकडे आम्ही लक्ष देणं सोडलं होतं तो बंद झालेला कळणार कसा?

पाणी येतच नाही असं नाही हं. येतं, आणि येतं तेव्हा असं येतं की पळता भुई थोडी. परवाच्या एका साली सगळा श्रावण कोरडा. कपाशी माना टाकून उभी. आणि दसऱ्याच्या सुमाराला, बोंडं फुटायला लागली तेव्हा, वरती कुठेतरी आभाळ सांडलं. सकाळी पात्रात शेळ्या चरत होत्या आणि जेवणवेळेला त्याच जागेवरून अख्खं बाभळीचं झाड उभंच्या उभं वाहत गेलं. सांडव्याचे मधले दगड गेले. माझा शिव्या द्यायचा दगडही गेला, ज्यावर मी इतकी वर्षं हक्क सांगत होते. लोक काठावर उभे राहून मोबाइलमध्ये पूर धरत होते. आठवड्यानं पात्रात पुन्हा शेळ्या. मी म्हटलं, ही नदी काही आपल्याकडे आली नव्हती, ही नुसती अंगावरून गेली.

बारही असाच गेला. आधी काही वर्षं बायका डबक्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मग डबकंही राहिलं नाही. कोरड्या वाळूत समोरासमोर उभं राहून शिवी दिली तर दुसरी चालत येऊन विचारते ना, काय म्हणालीस म्हणून. तशी एक-दोनदा खरीच जुंपली. मग जाणत्यांनी बंद करून टाकला. आताच्या पोरी आखाजीला येतात, झोक्यावर फोटो काढतात आणि गौराई बादलीत बुडवतात.

तर अशा या नदीबद्दल गेल्या वर्षी होळीनंतर शिरपूरहून अक्काचा फोन आला. अक्काला काचबिंदू. डोळ्यांच्या कडा आधीच गेल्या, आता समोरचं तेवढं धुरातून दिसावं तसं दिसतं. डॉक्टरनं सांगितलं, आहे ते जितकं टिकेल तितकं टिकेल.

“वहिनी,” ती म्हणाली, “डोया जावाना पहिले मले एक डाव बार खेळना शे. तू तठे, मी आठे. मधमा पानी वाहतं दखनं शे.”

डोळे जायच्या आधी एकदा बार. मध्ये वाहतं पाणी. एवढंच मागत होती ती. आयुष्यभर तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, उलट मीच तिच्या साड्या मागून मागून नेसले. मी म्हणायला हवं होतं की अक्का, नदीत शेळ्या चरतात. पण मी कोण? दगडावर चढणारी. मी म्हटलं, “ये तू. पानीनं मी दखस.” पाण्याचं मी बघते. जणू पाणी माझ्या माठात झाकून ठेवलं होतं.

अगदीच हवेत बोलले नव्हते. उन्हाळ्यात खालच्या गावांच्या विहिरींसाठी धरणातून पाणी सोडतात, आवर्तन म्हणतात त्याला. त्या वर्षी ते आखाजीच्या आगेमागे सुटणार अशी बोलवा होती. मी मनातल्या मनात सगळं जुळवलं. आवर्तन येईल, वीतभर का होईना धार लागेल, अक्का बघेल, गौराई सोडेल, संपलं. सून म्हणाली, “आई, पाणी आलं नाही तर?” मी तिला म्हटलं, तू सांजोऱ्यांचं बघ.

माझी नात जळगावला शिकते. नद्यांना किती पाणी येतं आणि ते कसं बदलत गेलं याचाच तिचा अभ्यास. लग्नाचं विचारलं की ती धरणाच्या दारांविषयी बोलायला लागते. आखाजीला ती आली तेव्हा मी तिला माझा बेत सांगितला. ती हसली नाही, याचंच मला वाईट वाटलं.

“आजी, तुझ्या वेळची वैशाखातली धार कुठून यायची माहीत आहे?”

“वरून. साक्रीकडून.”

“जमिनीतून यायची. पावसाळाभर हळूहळू मुरलेलं पाणी उन्हाळाभर हळूहळू नदीत पाझरायचं. आता पाऊस दमानं पडतच नाही. महिना कोरडा आणि मग एका दिवसात सगळा. तो मुरणार कधी? वाहून जातो. राहिलेलं ऊन पिऊन टाकतं, आणि ऊनही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. त्याच्याखालचं आपले बोअर ओढून घेतात.”

“म्हणजे बोअर बंद केले तर येईल?”

“थोडं येईल. सगळं नाही येणार. ढगांना कसं समजावशील?”

“मग पुढे काय?”

ती खोटं बोलायचं की नाही याचा विचार करत असावी. माझ्यावर गेली असती तर बोललीही असती. “पुढे पूर मोठे येतील आजी. आणि पुरानंतर वाळू. पूर आणि वाळू यांच्यामधली जी नदी होती ना, बारमाही, बारीक, ती नाही राहणार. ती जवळजवळ गेलीच आहे.”

“परत?”

“माझ्या आयुष्यात नाही.”

तिचं आयुष्य म्हणजे अजून केवढं तरी. मी तिला सांजोरी दिली. तिनं ती हातातच धरून ठेवली.

आवर्तन सुटलं मात्र खरं. मी फोनवर बसले. माझी मावसबहीण धुळ्याला पुलाजवळ राहते, तिनं सांगितलं, आलं, पुलाखाली आलं. मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी खालच्या गावी आलं. मग त्याच्या खालच्या गावी. पाणी माणसासारखं चालत येतं आहे आणि मी त्याच्या वाटेवरच्या प्रत्येक पाव्हण्याला फोन करून विचारते आहे, निघालं का, जेवलं का. मग ते हळू झालं. मधल्या गावांनी वाळूचे बांध घालून थोडं अडवलं. त्यांच्याही विहिरी कोरड्याच ना, मी कशाला नावं ठेवू. बाकीचं जिथून वाळू नेलीय त्या खड्ड्यांत पडलं. आखाजीच्या दिवशी सकाळी शेवटचा फोन एका दूरच्या मामेभावाला केला. तो म्हणाला, “ताई, आमच्या गावाच्या वरच्या अंगालाच थांबलं. ओल दिसते फक्त.”

नात म्हणाली, “कोरडी वाळू आधी स्वतः पिते, आजी. तिचं पोट भरलं तरच पुढे सोडते.”

आता शहाण्या बाईनं शिरपूरला फोन करून सांगितलं असतं की येऊ नको. मी मुलाला बोलावलं आणि म्हटलं, मळ्यातल्या बोअरचा पाइप नदीत सोड. अक्काला धुरकट दिसतं. हातभर रुंद धार तिच्यासमोरून गेली तर तिच्या डोळ्यांना ती पांझराच वाटेल.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. “आई, म्हशींना पाणी पुरत नाही आणि तू नदीला पाजतेस?”

“पिढ्यान्पिढ्या तिनं पाजलं. एक दिवस आपण पाजू.”

“गावातली माणसं काय म्हणतील?”

“मी म्हातारी आहे, चळली म्हणतील. पाइप घे.”

त्यानं पाइप नेला. माझ्यावर जेवढा राग होता तेवढ्या जोरानं तो जमिनीवर आपटत नेला. बार दुसऱ्या दिवशी, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोटार चालू केली. बोअरचं पाणी करंगळीएवढं, मधूनच धापा टाकणारं. मी काठावर बसून बघत होते. पाणी पाइपातून पडायचं, वाळूवर जरा चमकायचं आणि जायचं. पुढे सरकायचंच नाही. दुपारपर्यंत मोटार चालून म्हैस मुतून गेल्यासारखा एक डाग पडला. आमच्या मळ्यातला चारा त्या दिवशी तहानलेला राहिला तो वेगळाच.  मुलानं मोटार बंद केली, पाइप गुंडाळला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात मला फार जड वाटला.

दुपार कलायच्या सुमाराला अक्का आली. तिच्या मुलानं गाडी घाटापर्यंत आणली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला पायरीवर ठेवलं. मांडीवर गौराई, लाकडाची, तिच्या आईची, म्हणजे माझ्या सासूची, बार बंद पडला त्या वर्षी सोडायची राहून गेलेली. गुलाबी लुगडं. केसांना तेल. म्हणजे तेल लावून उभी राहणारी मी एकटीच नव्हते तर. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, “जाय, तुना काठवर जाय.” तुझ्या काठावर जा. मी नातीचा हात सोडला आणि निघाले.

पूर्वी या काठावरून त्या काठाला जायचं म्हणजे साडी गुडघ्यापर्यंत धरून, चपला हातात घेऊन, शेवाळावर घसरत जायचं. आता मी चपला घालून सरळ चालत गेले. वाळू तापलेली, चपलेत शिरून भाजत होती. सासरहून माहेरी जाताना माझे पाय कोरडे राहण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण त्या दिवशी ते जाणवलं. मध्यावर सांडव्याचे दोन दगड तेवढे उभे होते. त्यांना ओलांडून मी माहेरच्या काठावर चढले आणि एका बाभळीच्या सावलीत उभी राहिले. माझा दगड नव्हताच. आता कुणाला ढकलायची गरज नव्हती.

समोर अक्का, एवढीशी गुलाबी. तिच्यामागे नात, माझा मुलगा आणि तिचा मुलगा. बाकी कुणी नाही. मी घसा साफ केला, हात वर केला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ओरडायला काहीच नाही. चहूकडे इतकं शांत होतं की ओरडणं वेड्यासारखं वाटलं असतं. मी हात खाली घेतला आणि साध्या आवाजात विचारलं, “अक्का, आयकू येस का?”

“येस ना. आरडू नको,” अक्का म्हणाली. तीही साध्याच आवाजात. पलीकडच्या खाटेवरून बोलावं तशी. “पानी शे का वहिनी?”

“शे ना,” मी म्हटलं. “थोडं शे. तुले दिसत नही.”

अक्कानं कान पात्राकडे केला. मग म्हणाली, “पानी व्हतं तव्हय तुन्हा एक बी शबद मन्हा कानवर उना नही. आज तुन्ही चप्पलना आवाज बी उना.”

पाणी होतं तेव्हा तुझा एकही शब्द माझ्या कानावर आला नाही. आज तुझ्या चपलेचा आवाजसुद्धा आला.

मला आधी पाण्याचं खोटं पकडलं गेल्याची लाज वाटायला हवी होती. पण मी अशी की मला दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला. “एक बी शबद नही?” मी म्हटलं. “मंग तू हसे कसाले? पोट धरीसन?”

“तुन्हा हात दखीसन. मधमाश्या लागन्यात अशी नाचे तू दगडवर. आम्ही बठ्ठ्या दखूत आनि हसूत.”

म्हणजे इतकी वर्षं माझा हात दिसत होता. माझं तेल चमकत होतं. मधमाश्या चावलेली बाई दगडावर नाचते आहे एवढं दिसत होतं, आणि माझी ती घासूनपुसून ठेवलेली शिवी सांडव्याच्या पाण्यात दर आखाजीला बुडून जात होती. सराव करायला शेळी होती तीच काय ती ऐकणारी. पलीकडे नात खाली मान घालून हसत होती, तिचे खांदे हलत होते. मलाही हसू आलं. तिघी हसलो, आणि ते हसूही कोरड्या पात्रात इतकं स्वच्छ ऐकू आलं की आपोआप थांबलं.

“काय बोले व तू इतलं?” अक्कानं विचारलं. “आते सांग.”

मी सांगितलं. शिवी ओरडून द्यायची असते. हळू दिली की ती चहाड्या सांगितल्यासारखी होते. पण ओरडायला आवाज कशाच्या वर काढणार? म्हणून हळूच म्हटलं, “तुमना गावनं पिठलं इतलं पातळ, नदीमा टाकं ते पूर येई.”

मी वाट बघत राहिले. अक्का वाकली नाही. तिनं मांडीवरची गौराई जरा सारखी केली.

“मंग टाक ना व, वहिनी,” ती म्हणाली.

“काय?”

“पिठलं.”

त्यावर मला काही सुचलं नाही. मला. उभी राहिले बाभळीखाली तशीच. नातीनं तोंड फिरवलं. ऊन घाटावरून हळूहळू वर सरकलं, अक्काच्या पायांवरून गुडघ्यांवर आलं, आणि ती काही उठेना. मला कळलं का ते. गौराई धारेला लागल्याशिवाय बार संपत नाही, आणि बार संपल्याशिवाय तिनं कधी काठ सोडला नव्हता. शेवटी मीच पात्रातून परत चालत आले. बार चालू असताना पाणी ओलांडायचं नाही, हा नियम मोडला असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो. मी तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले.

तिचा मुलगा समजूतदार आहे. तो म्हणाला, “आई, जाताना तापीच्या पुलावर गाडी थांबवतो. तिथे बॅरेजचं पाणी आहे, भरपूर. तिथे सोडू गौराई.”

“ते उभं पानी शे,” अक्का म्हणाली. साठवलेलं पाणी. ते कुठे जात नाही, मग गौराई कुठे जाणार? तिनं चाचपून माझा हात शोधला आणि गौराई माझ्या हातात दिली. “तू ठेव. तू काठले रहास.”

गाडी गेल्यावर नात म्हणाली, “आजी, निदान आत्याआजीला दिसलं तरी नाही.” तिला बरं वाटावं म्हणून ती म्हणत होती की मला, कोण जाणे. मी म्हटलं, तिला सगळं दिसलं.

अक्काचे डोळे दिवाळीच्या आत गेले. फोनवर ती विचारते, पाऊस कसा आहे. यंदाही तसाच झाला, महिनाभर नाही आणि मग एका दुपारी सगळा. पूर बघायला पूल भरला होता. त्यातही गौराई सोडता आली असती. पण नातीनं सांगितलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, की हा पूर नदी नव्हे. आणि तो ओसरायच्या आत मी घाटापर्यंत पोचणार कशी, माझे गुडघे माझं ऐकत नाहीत.

गौराई माझ्या सैपाकघरात फळीवर आहे, बेसनाच्या डब्याशेजारी. तिच्यावर पीठ बसतं, मी पदरानं पुसते. बार अजून चालूच आहे म्हणायचा. पिठलं मी हल्ली घट्ट करते.